पिल्लं ऐकायची सवय

झोप न येणं हा आजार असतो हे मला तिशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं. आमच्याकडे, हिंगोलीच्या बाजूला, ज्याला झोप येत नाही त्याला काम पुरत नाही असं समजतात. फोनवर मी एकदा आईला म्हटलं, "आई, मला झोपच लागंना झालीय," तर ती म्हणाली, "तिकडं काम कमी हाय का?" काम कमी नव्हतं. माझं निम्मं काम झोपेतच होतं, हे तिला फोनवर कसं समजावणार?

आम्ही नवरा-बायको आणि आमची मुलगी, मंचरजवळ निरगुडसरच्या शिवारात एका पोल्ट्रीवर राहतो. सात वर्षं झाली. ज्यांची पोल्ट्री, त्यांना मी भाऊ म्हणते आणि त्यांच्या बायकोला वहिनी. त्यांचं घर ओढ्याच्या पलीकडे आहे, जोरात हाक मारली तर ऐकू जाईल इतकंच लांब. माझा नवरा त्यांच्या शेतात असतो, कांदा, बटाटा, मका, जे असेल ते. शेड माझ्याकडे. शेडला लागूनच आमची खोली आहे, मधे एक पत्र्याचं दार. सातवीत शाळा सुटलेल्या बाईच्या ताब्यात एवढं मोठं शेड कोण देतं? त्यांनी दिलं. पहिल्याच वर्षी भाऊंनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. मी लई विसरतो." ते काही विसरत नाहीत. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले.

पोल्ट्रीचं ज्यांना माहीत नाही त्यांना थोडं सांगते. पिल्लं येतात ती एका दिवसाची, खोक्यांतून, पिवळीधमक. शेडच्या एका बाजूला पत्र्याचं गोल रिंगण करायचं, खाली भाताचं तूस अंथरायचं आणि वर बल्ब सोडायचे. कोंबडीच्या पंखाखालची ऊब आपण त्या बल्बांनी द्यायची. पहिले आठ-दहा दिवस ती ऊब तुटली नाही पाहिजे. लाईट गेली की कोळशाच्या शेगड्या पेटवायच्या, बाजूचे पडदे खाली सोडायचे, आणि हे सगळं झटपट. गारठली की पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढतात. ऊब शोधत सगळी एका जागी ढीग करतात आणि खालची दबून मरतात. मोठी कोंबडी असा वेडेपणा करत नाही. पण एका दिवसाच्या जिवाला कुठलं कळायला.

म्हणून त्या दिवसांत मी झोपायचे, पण कान उघडे ठेवून. पिल्लं सुखात असली की त्यांचा बारीक, सलग आवाज चालू असतो, पातेल्यातलं पाणी उकळायच्या आधी करतं तसा. गारठली की तो आवाज चिरका होतो, वर चढतो. तो वर चढला रे चढला की मी दारात उभी. नवरा शेजारी घोरत असायचा. त्याच्या अंगावरून ट्रॅक्टर नेला तरी तो फक्त कूस बदलेल. मला मात्र चप्पल घालायचीही आठवण नसायची. भाऊंनी एकदा पाव्हण्यांना शेड दाखवताना सांगितलं, "आमच्याकडं अलार्म न्हाई, ही बाई हाय." त्या वाक्यावर मी वर्षभर खूश होते.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात ते झालं.

नवरा मुलीला घेऊन गावाकडे गेला होता, त्याच्या मावशीच्या दहाव्याला. पिल्लं येऊन चार दिवस झाले होते आणि मला सर्दीने धरलं होतं. नाक बंद, डोकं जड. दुपारी गावातून गोळ्यांचं पाकीट आणलं. दुकानदार म्हणाला, "ताई, हिच्यानं झोप येईल बरं का." मी हसले. मला आणि झोप? माझे कान कसे आहेत ते या माणसाला काय माहीत, असं मनात म्हणाले. रात्री जेवल्यावर एक गोळी घेतली. बरं वाटावं म्हणून आणखी एक घेतली.

जाग आली तेव्हा फटीतून उजेड येत होता. पहिल्यांदा वाटलं, किती छान झोप झाली. मग लक्षात आलं की शेडमधून आवाज कमी येतोय.

त्या सकाळचं मी फार लिहीत नाही. बल्ब विझलेले होते, पडदे वर होते, आणि रिंगणाच्या एका कडेला पिवळा ढीग होता. वरची हलत होती. मी दोन्ही हातांनी ढीग उपसत होते आणि तोंडाने काहीतरी बोलत होते, काय ते आठवत नाही. भाऊ, वहिनी आणि भाऊंचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणतात, तिघंही ओढा ओलांडून धावत आले. पिल्लं ज्या कंपनीची, तिच्या कार्डावर मर लिहावी लागते, किती पिल्लं मेली त्याचा आकडा. तो मीच लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणतात. त्या दिवशी ते नीट आलं याचाच मला राग आला.

कोणी ओरडलं नाही. भाऊ म्हणाले, "रातची लाईट गेली, तू तरी काय करणार?" वहिनींनी मला त्यांच्या घरी नेऊन चहा पाजला. आबा मागे राहून तूस बदलत होते. आणि मी? मी गोळ्यांचं सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं होतं. पण भाऊंनी लाईटवर ढकललं आणि मी ते तसंच राहू दिलं.

झोप गेली ती त्या दिवसापासून.

सुरुवातीला वाटलं, सर्दी आहे, मग वाटलं, शेडमध्ये पिल्लांची बॅच आहे. पण ती बॅच भरून गाडीतून गेली, शेड रिकामं झालं, धुऊन चुना मारून झाला, तरी मी जागीच. उलट रिकाम्या शेडमध्येच जास्त ऐकू यायचं. डोळा लागतोय असं वाटलं की तो चिरका आवाज. उठून बघावं तर नुसती भिंत, चुन्याचा वास आणि कोपऱ्यात उपडी घातलेली पाण्याची भांडी. नवरा अंथरुणातून विचारायचा, "काय ऐकायलीस गं?"

"काही नाही."

"मग झोप की. पिल्लंच नाहीत तर रडतंय कोण?"

त्याचं बरोबर होतं. पण बरोबर बोललेल्याने झोप येत असती तर शिकलेली माणसं सगळी गाढ झोपली असती.

नवीन बॅच आली की नवरा म्हणायचा, "तू नीज, मी ऐकतो." एका रात्री खरंच बसला, खुर्ची टाकून, कानटोपी घालून, मोठ्या थाटात. अर्ध्या तासाने मी डोकावले तर खुर्चीतच मान टाकून झोपलेला. सकाळी म्हणतो कसा, "मी डोळे मिटून ऐकायलो होतो."

माझी भीती एकच होती, आणि ती दिवसेंदिवस वाढत होती. जागून जागून माझं डोकं बधिर व्हायला लागलं होतं. खाद्याची पिशवी उचलून कुठे ठेवायची ते विसरायचे. एकदा मीठ समजून चुना घालणार होते भाजीत. वाटायचं, एक दिवस मी अशी कोसळेन की परत तसंच होईल, आणि या वेळी लाईटवर ढकलता येणार नाही. मग भाऊ किल्ली परत मागतील. मागितली तर त्यांचं चुकणार नाही. मुलगी इथल्या शाळेत चौथीत आहे, 'व्हतं', 'न्हाई' म्हणते, इथलीच झालीय. तिला उचलून परत कुठे न्यायचं?

गावात अशी गोष्ट लपत नाही. कांदे काढायला बसलो की बायकांची सल्ल्यांची पोतडी उघडायची.

"फोन बघत असशील रातीचा."

"माझ्या फोनला बटणं आहेत मावशी, त्यात काय बघू?"

"मग नवरा घोरत असंल."

"तो पहिल्यापासून घोरतो."

"उशाखाली विळा ठेव. लोखंडाला भिऊन वाईट सपान येत न्हाई."

"सपान यायला आधी झोप नको का यायला?" दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. विळा मात्र ठेवला. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने अंथरूण झटकताना बोट कापून घेतलं आणि तो उपाय तिथेच बंद झाला. दुधात जायफळ उगाळून घेतलं, खसखशीची खीर खाल्ली. खीर चांगली लागली.

वहिनींनी विचारलं नाही, सरळ आल्या. एका संध्याकाळी त्यांच्या हातात काशाची वाटी आणि तेलाची बाटली. वहिनींचं माहेर मढचं, वर डोंगरात, भाताच्या मुलखात. आमच्या शेडला तूस येतं ते त्याच बाजूच्या गिरणीतून. तुसाच्या गोण्या उतरल्या की वहिनी कधी कधी उगाच येऊन उभ्या राहतात. वास घेतात. एकदा मला म्हणाल्या होत्या, "माझं माहेर दोन तासांवर तर हाय. तरी लांबच वाटतं बघ. तुझं तर केवढं लांब."

"पाय दे इकडं," त्या म्हणाल्या.

"वहिनी, नको! तुम्ही माझ्या पायाला हात लावायचा?"

"गप गं. मढला आमच्याकडं लावणी उरकली की बाया एकमेकींचं पाय घासत्यात. चिखलात उभं राहून तळवं पेटल्यालं असत्यात. तितं मालकीण-बिलकीण काय नसतं. दे पाय."

त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला आणि वाटीच्या बुडाने तळवा घासायला लागल्या. तेल काळंभोर झालं. "बघ, केवढी उष्णता साठलीय." माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांना वाटलं दुखतंय, त्यांनी हात हलका केला. त्या जितक्या हळू घासत होत्या तितकं मला आतून जड होत होतं. ज्या बाईने खरं लपवलं तिचे पाय या घासतायत. त्या रात्री दोन तास झोप लागली, पण मनाला त्या वाटीची लाज वाटत राहिली.

त्याच मला मंचरला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. मी म्हटलं गोळी देऊ नका, गोळीची मला भीती वाटते. बाई कान देऊन ऐकणाऱ्या होत्या. त्यांनी घाई केली नाही.

"झोपायच्या आधी काय करता?"

"पिल्लांचं पाणी भरते. पडदे बघते."

"मग?"

"मग पडते आणि ऐकते."

"काय ऐकता?"

"पिल्लं."

"आणि पिल्लं नसतात तेव्हा?"

"तेव्हा पण तेच."

त्या लिहायच्या थांबल्या. मग मला समजेल असं सांगितलं. रात्र कशीही जावो, सकाळी रोज ठरल्या वेळेलाच उठायचं. दुपारी आडवं व्हायचं नाही. चार वाजल्यानंतर चहा नाही. घड्याळ उशाला ठेवायचं नाही, किती वाजले ते बघायचंच नाही. आणि झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही; उठून बसायचं, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं काम करायचं, आणि डोळे जड झाले की परत आडवं व्हायचं. "अंथरूण म्हणजे झोप, हे शरीराला पुन्हा शिकवायचंय," त्या म्हणाल्या. "तुमचं अंथरूण म्हणजे सध्या पहारा झालाय."

उठताना त्यांनी विचारलं, "तुमच्याऐवजी ऐकणारं घरात दुसरं कोणी नाही का?"

वहिनी माझ्या नवऱ्याचं सांगणार होत्या, मी त्यांना डोळ्यांनी दटावलं.

मी ते नियम पाळले, आजही पाळते. चार वाजल्यानंतरचा चहा सोडणं सगळ्यात अवघड गेलं. कंटाळवाणं काम म्हणून मी लसूण निवडला. रात्री उठून लसूण सोलायचा. दोन महिने आमच्या घरी आणि वहिनींच्याही घरी कुणालाच लसूण सोलावा लागला नाही. रिकाम्या शेडच्या दिवसांत फरक पडला, तीन-चार तास सलग झोप लागू लागली. पण हिवाळा आला, नव्या पिल्लांची तारीख आली, आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं. पिल्लं यायच्या आदल्या दोन रात्री मी लसूणही सोलला नाही. नुसती बसून राहिले.

पिल्लं आली त्या संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, आबा ओढा ओलांडून आले. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, कमरेला चंची आणि गळ्यात बॅटरी लटकवलेली. पंचाहत्तरीच्या पुढचे असतील. सरळ शेडमध्ये शिरले आणि रिंगणाशेजारी गोणी टाकून बसले.

"आबा, हे काय?"

"मी हितं बसणार. तू जा, नीज."

"तुम्ही? रात्रभर?"

"मला तशीबी झोप न्हाई रातीची. घरी पडून छप्पर बघतो. त्यापरीस पिल्लं बघीन."

मला त्यांना कसं सांगावं कळेना. आबांना एका कानाने काहीच ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने थोडंसं. टीव्ही इतका मोठा लावतात की बातम्या आमच्या खोलीत ऐकू येतात. आणि हे पिल्लं ऐकणार? मी हळूच वहिनींकडे बघितलं. त्या आबांचं जेवण घेऊन मागून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला नको बघू. मी लई सांगून बघितलं. ऐकत न्हाईत."

"ऐकू येत नाही म्हणूनच तर..." मी म्हटलं.

आबांनी ते मात्र बरोबर ऐकलं. "पिल्लं ऐकायची नसत्यात," ते म्हणाले. "बघायची असत्यात. हिकडं ये." त्यांनी काठीने दाखवलं. "आत्ता बघ. सगळीकडं सारखी पसरल्यात का न्हाई? शेंगदाणं वाळत घातल्यावानी. म्हंजी ऊब बराबर. बल्बाखाली गोळा झाली की गार. कडंला पळाली की लई गरम. यात ऐकायचं काय हाय? रडं ऐकू यायला लागलं म्हंजी आधीच उशीर झाल्याला असतो."

सात वर्षं मी कानांवर विसंबून होते. खरं सांगते, मला जरा राग आला. मग लाज वाटली.

पहिल्या रात्री मी झोपले नाही. दर थोड्या वेळाने दार किलकिलं करून बघायचे. आबा ताठ बसलेले, बॅटरी मांडीवर. चौथ्या वेळेला त्यांनी माझ्या तोंडावर बॅटरी मारली.

"परत आलीस तर मी जातो घरी."

"आबा, बाहेर बिबट्या आहे!" त्या आठवड्यात ओढ्याला पायांचे ठसे दिसले होते, सगळे अंधार पडायच्या आत घरात शिरत होते.

"आसू दे. माझ्या हाडांत त्याला काय घावणार? मिश्रीचा वास येऊन माघारी जाईल."

दुसऱ्या रात्री मी डोकावले नाही, पण झोपलेही नाही. डॉक्टरीणबाईंचं आठवून उठून बसले. लसणाची परडी घेऊन शेवटी शेडमध्येच गेले. आबांसमोर बसले. त्यांनी बघितलं आणि चंचीतून सुपारी काढून कातरायला लागले. पिल्लं शेंगदाण्यासारखी पसरलेली होती. थोडा वेळ मी लसूण सोलत राहिले.

मग मी म्हटलं, "आबा, त्या वेळेला लाईटमुळे नाही झालं. मी सर्दीच्या गोळ्या घेतल्या होत्या. दोन. मला झोप लागली होती."

"काय?"

मी थोडं मोठ्याने म्हटलं.

"आगं, काय म्हणतीस? मोठ्यानं बोल."

माझा नवरा पलीकडे खोलीत झोपलेला. ओढ्यापलीकडे भाऊ-वहिनी झोपलेले. वर्षभर जी गोष्ट मी मनातल्या मनातसुद्धा पुरती म्हटली नव्हती, ती मला शेडभर ओरडून सांगावी लागली. "मी गोळ्या घेऊन झोपले होते! लाईट गेलेली मला कळलीच नाही! पिल्लं माझ्यामुळं मेली!"

पिल्लं दचकली. सगळी एकदम एका बाजूला पळाली आणि मग हळूहळू परत पसरली. पलीकडे नवऱ्याचं घोरणं एक क्षण थांबलं आणि पुन्हा चालू झालं.

आबांनी सुपारी तोंडात टाकली. "मला ठावं हाय," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पाकीट घावलं व्हतं ना. तुझ्या खोलीच्या दारात पडलं व्हतं. तूस भरताना उचललं आन् टाकलं गोणीत."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय करू? आधीच तुझी झोप गेल्याली. त्यात माझं बोलणं कशाला."

"भाऊंना..."

"त्याला कशाला सांगतीस? त्याच्या पोटात काय ऱ्हात न्हाई. मंचरच्या बाजारापर्यंत जाईल." मग म्हणाले, "सर्दी झाली की माणूस गोळी घ्येतंच. चूक गोळीची न्हाई. एकट्या माणसाला ठिवलं, ती आमची चूक. दिसायला पायजे व्हतं आमाला. एवढ्या रातींचं काम एका जिवानं करायचं नसतं. माझी बायको व्हती तवा आमी पाण्याच्या पाळीला दोघं जायचो. एकानं बांधावर निजायचं, एकानं पाणी बघायचं. ती निजली की मला झोप यायची न्हाई आन् मी निजलो की तिला." ते हसले. "म्हंजी दोघंबी जागीच."

मी परडी घेऊन उठले. ते म्हणाले, "लसूण ऱ्हाऊ दे हितं. मी सोलतो. मला येळ घालवाया काय तरी पायजे."

त्या रात्री लगेच डोळा लागला असं म्हटलं तर खोटं होईल. पडले, आणि पहिल्यांदाच ऐकण्याऐवजी रडले, बराच वेळ. सकाळी ठरल्या वेळेला उठले. दिवसभर आडवी झाले नाही. भाऊंनाही मी सांगितलं, दोन दिवसांनी, मकेच्या बांधावर. ते मान खाली घालून पेंढीच्या गाठी बांधत राहिले आणि म्हणाले, "आबानं मला कवाच सांगितलंय." म्हणजे पोटात काय राहत नाही ते कुणाच्या, हे मला त्या दिवशी कळलं. मग ते म्हणाले, "पुढच्या येळेपासनं पहिलं आठ दिवस दोघं बसायचं. तू आन् आबा, न्हाईतर तू आन् मी. आता एकटीनं न्हाई." किल्लीचा विषय निघाला नाही.

त्या बॅचची पाचवी रात्र. थंडी अशी होती की नळाचं पाणी हाताला टोचत होतं. आबा संध्याकाळीच आले, गोणीवर बसले, लसणाची परडी त्यांनी स्वतःच जवळ ओढली. मी शेगड्यांत कोळसा भरून ठेवला, काडेपेटी त्यांच्या हाताशी ठेवली, पडद्यांच्या दोऱ्या दाखवल्या. ते म्हणाले, "मी तुझ्या जल्माच्या आधीपासनं चूल पेटवतोय." मी खोलीत गेले, आडवी झाले.

आणि मग सकाळ होती.

असं होतं हे मी विसरले होते. मधलं काहीच नाही. डोळे मिटले, उघडले, फटीतून उजेड. मी अनवाणीच दार ढकलून आत शिरले.

पडदे खाली सोडलेले होते. शेगड्यांवर पांढरी राख धरली होती, ऊब अजून येत होती. बल्ब लागलेले. पिल्लं सगळीकडे सारखी पसरलेली, काही खात होती, काही तुसात पाय पसरून पडली होती. मधे आबा, नाकाच्या शेंड्यावर कोळशाचा काळा डाग, पुढ्यात सोललेल्या लसणाचा ढीग.

"लाईट गेली होती?" मी ओरडूनच विचारलं.

"गेली व्हती. दोनदा."

"मग मला उठवलं का नाही?"

"आलो व्हतो दारापर्यंत. पर तू घोरत व्हतीस."

"मी घोरत नाही, आबा."

"मला ऐकू आलं," ते म्हणाले, "म्हंजी केवढं असंल बघ."

मी तिथेच तुसावर खाली बसले. हसायला येत होतं आणि नीट हसताही येत नव्हतं. एक पिल्लू माझ्या पायाच्या अंगठ्याला चोच मारत होतं. आबा काठीच्या आधाराने उठले, गुडघे चोळले, घोंगडी खांद्यावर टाकली. "आता मी जातो निजाय. मलाबी झोप आल्यावानी वाटतीया. लई दिसांनी." दारात थांबून म्हणाले, "आधी चा ठेव पर."

मी चहा ठेवायला खोलीत आले. नवरा अजून झोपलेलाच होता. शेडमधून पिल्लांचा आवाज येत होता, तोच बारीक, सलग. दूध उतू जायला लागल्यावर कळलं, की तो आवाज येतोय आणि मी तो ऐकत नाहीये. मी गॅस बारीक केला. बाहेरून आबा ओरडले, "साकर घालताना हात आखडू नको, सून हितं न्हाई!"